नोंदवहीत न मावलेला वास

ह्या शनिवारचा विषय जरा गारठवणारा आहे. जानेवारीतलं इंग्लंड डोळ्यांसमोर आणा. सकाळी आठला जेमतेम उजाडतं, दुपारी चारला परत अंधार, आणि मधल्या वेळात आभाळ जुन्या मॉनिटरसारखं करडं. झाडांचे नुसते खराटे झालेले. हिरवं म्हणजे फक्त गवत, तेही चिखलात. आणि अशात एखाद्या कुंपणाजवळून जाताना अचानक वास येतो. मध, लवंग आणि थोडी लिंबाची साल एकत्र केल्यासारखा. तुम्ही थांबता, इकडेतिकडे बघता, आणि फूल काही दिसत नाही. दिसतं ते एक काटकुळं झुडूप, त्याच्या उघड्या फांद्यांना चिकटलेल्या नखाएवढ्या पिवळट पाकळ्या.

कंपनीच्या कृपेने दोन हिवाळे तिकडे काढले, त्यात ह्या झुडुपांची ओळख झाली. तिकडच्या सार्वजनिक बागांमध्ये झाडाच्या पायाशी छोटी पाटी असते, तिच्यावर नाव आणि मूळ प्रदेश लिहिलेला असतो. विंटरस्वीट, चीन. विच हेझल, चीन. डॅफ्नी, नेपाळ. सार्कोकोका, चीन आणि हिमालय. व्हायबर्नम, एक पालक चीनचा आणि दुसरा हिमालयातला. युरोपची स्वतःची एक डॅफ्नी आहे, मेझेरियम नावाची, ती फेब्रुवारीच्या आसपास फुलते. ती सोडली तर 'इंग्लिश हिवाळ्याचा सुगंध' जवळजवळ सगळाच आयात माल आहे. चहासारखाच.

इथपर्यंत नवल काही नाही, साम्राज्याने कायकाय उचलून नेलं त्याची यादी आपल्याला पाठ आहे. मला गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. ह्यातलं जवळजवळ प्रत्येक झुडूप हातात आल्यावरसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुणी काचघरात कोंडलं, कुणी चुकीच्या नावाखाली वीस वर्षं ठेवलं, कुणी 'काही विशेष नाही' म्हणून सोडून दिलं. आणि ह्याला कारण आहे. वनस्पतींचा सगळा कारभार त्या काळी कागदावर चालायचा. वाळवलेला नमुना, लॅटिन वर्णन, चित्र, नोंदवहीतला आकडा. ह्यातल्या कशातच वास मावत नाही.

आधी थोडं शास्त्र. एखादं झुडूप जानेवारीत फुलायच्या भानगडीत पडतं तरी का? मे महिन्यात फुलायला काय हरकत आहे? हरकत गर्दीची. मे महिन्यात सगळेच फुलतात आणि कीटकांसाठी स्पर्धा लागते. जानेवारीत मैदान मोकळं, पण ग्राहकही मोजकेच. मग जो एखादा कीटक ऊन पडल्यावर बाहेर येईल त्याला लांबून कळलं पाहिजे, म्हणून वास दांडगा. फुलं मात्र लहान, कारण मोठी पाकळी दवाने जळते. विच हेझलच्या पाकळ्या म्हणजे कागदाच्या बारीक फितीच, आणि फार थंडी पडली की त्या गुंडाळून घेतात, ऊब आली की परत उलगडतात. अमेरिकेत बर्न्ड हाइनरिश नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवलं की तिकडच्या विच हेझलवर थंडीत उडणारे पतंग येतात. हे पतंग उडण्याआधी चक्क कुडकुडतात, म्हणजे स्नायू थरथरवून अंग तापवतात. दक्षिण इंग्लंडमध्ये तर आता काही गलेलठ्ठ भुंगेमाश्या हिवाळाभर जाग्या राहायला लागल्या आहेत, आणि त्यांचं पोट चालतं ते बागांमधल्या ह्याच परदेशी झुडुपांवर.

आपल्याकडे हे वेगळ्या प्रकारे होतं. पुण्यात दिवाळीच्या आसपास बुचाच्या फुलांचा सडा पडतो, आणि थंडी सरता सरता आंब्याला मोहोर येतो. मोहोराचा वास लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

आता इतिहास. सुरुवात विंटरस्वीटपासून करू. चिनी नाव लामेइ. ह्याचा अर्थ 'मेणाची मेइ', म्हणजे जर्दाळूच्या जातीच्या त्यांच्या लाडक्या मेइ फुलासारखं पण मेणाचं केल्यासारखं दिसणारं. पाकळ्या खरोखर तशाच असतात, अर्धपारदर्शक आणि पिवळ्या. उच्चार तोच ठेवून दुसऱ्या चित्रलिपीत लिहिलं की अर्थ होतो चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यातली मेइ. अकराव्या शतकात, सोंग राजवटीत, सू शी आणि ह्वांग तिंगच्येन ह्या कवींनी ह्या फुलाला प्रतिष्ठा मिळवून दिली असं मानतात. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायच्या दोनेकशे वर्षं आधी चीनमध्ये ह्या झुडुपावर कविता होत होत्या आणि वास हाच त्यांचा विषय होता.

युरोपला ह्याची पहिली नीट खबर दिली एंगेलबर्ट केम्फर ह्या जर्मन डॉक्टरने. तो डच ईस्ट इंडिया कंपनीतर्फे जपानमध्ये होता. त्याचं पुस्तक १७१२ साली आलं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १७६२ मध्ये लिनियसने झाडाला लॅटिन नाव दिलं, आणि १७६६ मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यात क्रूम इथे अर्ल ऑफ कॉव्हेंट्रीच्या बागेत झाड स्वतः पोचलं. अर्लसाहेबांनी ते कुठे लावलं? काचघरात. चीनहून आलंय म्हणजे नाजूक असणार, असा साधा हिशोब. चीन म्हटलं की उष्ण प्रदेश, बंदर, मसाले, रेशीम हेच डोळ्यांसमोर. जे झाड थंडी पडल्याशिवाय नीट फुलतच नाही त्याला थंडीपासून वाचवण्यासाठी काचघर! हे उघड्यावर, नुसत्या भिंतीच्या आडोशाने मजेत वाढतं हे लक्षात यायला काही काळ जावा लागला. त्याचं आजचं शास्त्रीय नाव कायमोनँथस १८१९ मध्ये आलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरळ 'हिवाळी फूल'.

विंटरस्वीटची दुसरी अडचण म्हणजे सबुरी. बी पेरून वाढवलं तर पहिलं फूल दिसायला पाच-सात वर्षं सहज जातात, कधी दहाच्या वर. आमच्या क्षेत्रात तेवढ्यात माणूस तीन कंपन्या बदलतो. उन्हाळ्यात हे झाड म्हणजे खरबरीत पानांचा एक नीरस ढीग असतो. जुलैत बाग बघायला आलेला पाहुणा त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

पुढचा टप्पा एकोणिसाव्या शतकातल्या अफूच्या युद्धानंतरचा. १८४२ च्या तहानंतर चीनची काही बंदरं ब्रिटिशांना उघडली, आणि १८४३ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने रॉबर्ट फॉर्च्यून ह्या स्कॉटिश माळ्याला तिकडे पाठवलं. जिवंत रोपं चार-पाच महिने बोटीवर टिकवायची सोय नुकतीच झाली होती. वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने शोधलेली बंद काचेची पेटी, जिच्यात रोपाची वाफ परत पाणी होऊन मुळाशी जाते. फॉर्च्यूनने ह्या पेट्यांमधून १८४५ मध्ये लोनिसेरा फ्रॅग्रँटिसिमा पाठवली. नावाचाच अर्थ 'अत्यंत सुवासिक'. हा हिवाळी हनीसकल, वेल नव्हे तर झुडूप. ह्याच फॉर्च्यूनने १८४८ ते १८५१ ह्या काळात चिनी वेष करून चहाची रोपं, बिया आणि कारागीर ईस्ट इंडिया कंपनीसाठी हिमालयाच्या पायथ्याशी आणले, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. हनीसकलची कुणाला नसते. फॉर्च्यूनच्या झुडुपावर मात्र अन्याय झाला नाही, कारण त्याची खरेदी बऱ्याचदा चिनी बागा आणि रोपवाटिकांमधून व्हायची. चिनी माळ्याला वासाची किंमत आधीच ठाऊक होती, फॉर्च्यूनने ती फक्त ऐकून घेतली.

घोटाळे सुरू होतात ते जंगलातून गोळा करायला लागल्यावर. जरा विचार करा. हा वनस्पती-शिकारी बिया गोळा करायला जाणार, म्हणजे शरद ऋतूत. बी पक्व झालं की घ्यायचं, वाळवायचं, बोटीवर चढवायचं. जे झुडूप जानेवारीत फुलतं ते त्याला ऑक्टोबरात कसं दिसणार? नुसती पानं आणि बोंडं. तो स्वतःच त्याचा वास घेत नाही. मग तिकडे लंडनला बसलेल्या मालकाला तो काय कळवणार?

ह्या सगळ्या कहाणीतला माझा आवडता माणूस इथेच येतो. चार्ल्स मॅरीज.

मॅरीज १८५१ च्या आसपास वॉरिकशरमध्ये जन्मला. भावाच्या रोपवाटिकेत काम शिकला, मग लंडनच्या व्हीच कंपनीत लागला. (ह्या व्हीचचा विच हेझलमधल्या विचशी संबंध नाही, उच्चारांचा योगायोग.) व्हीच म्हणजे त्या काळची सगळ्यात मोठी रोपवाटिका. जगभर स्वतःची माणसं पाठवायची, नवीन झाडं आणायची, वाढवायची आणि श्रीमंतांना विकायची, असा त्यांचा धंदा. १८७७ मध्ये त्यांनी मॅरीजला जपान आणि चीनच्या मोहिमेवर धाडलं. जपानमध्ये त्याने चांगली कामगिरी केली. तिथल्या एका फरच्या जातीला आजही त्याचं नाव आहे. १८७९ मध्ये तो चीनमध्ये यांगत्से नदीकाठच्या जिउजियांग भागात होता. तिथून त्याने जे पाठवलं त्यात एका विच हेझलचं बीही होतं.

पुढे तो नदीने वर यीचांगपर्यंत गेला. तिथे खिंडींमध्ये त्याला प्रिम्युला ऑब्कोनिका मिळाली. ती आज जगभर कुंडीत विकली जाते. पण स्थानिक लोकांशी त्याचं जमलं नाही, अडचणी आल्या, आणि तो यीचांगहून मागे फिरला. चीनमध्ये आता फारसं नवीन काही राहिलेलं नाही असा एकंदर ग्रह मालकांचा झाला, आणि पुढची वीस वर्षं व्हीचने चीनला माणूस पाठवला नाही. १८९९ मध्ये पाठवला तो अर्नेस्ट विल्सन. त्यालाही निघताना सांगितलं होतं की ज्या एका झाडासाठी जातोयस तेवढंच आण, बाकी चीनमधलं कामाचं सगळं बहुधा येऊन गेलंय. विल्सनने यीचांग हेच ठाणं केलं आणि मॅरीज जिथून परतला त्याच्या पलीकडच्या डोंगरांतून अक्षरशः शेकडो नव्या जाती आणल्या. पाटीवरची ती सार्कोकोका, सावलीत वाढणारी, गुडघाभर उंचीची, बारीक पांढऱ्या फुलांची, तिच्या बागेतल्या काही उत्तम जाती विल्सनच्याच. १९०६ मध्ये व्हीच घराण्याने कंपनीचा इतिहास छापला, त्यात मॅरीज उत्साही होता पण त्याच्यात चिकाटी कमी होती अशा अर्थाचा शेरा आहे. अप्रेझलमध्ये असा शेरा मिळाला की काय वाटतं हे तुम्हाला सांगायला नको. फरक एवढाच की मॅरीजचा शेरा छापून आला, आणि तो वाचायला मॅरीज तेव्हा हयात नव्हता.

कारण मधल्या काळात तो भारतात आला होता. क्यूच्या बागेचे संचालक सर जोसेफ हूकर ह्यांच्या शिफारशीने १८८२ मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांकडे बागांचा अधीक्षक म्हणून लागला. आणि तिथून कुठे गेला? ग्वाल्हेरला, शिंद्यांकडे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. महादजींच्या वंशातले माधवराव शिंदे १८८६ मध्ये लहान वयात गादीवर आले, आणि ग्वाल्हेरच्या त्या मराठी दरबाराच्या बागा सांभाळायला हा इंग्लिश माळी. तो परत गेला नाही. १९०२ मध्ये ग्वाल्हेरलाच वारला. भारतात त्याने जीव लावला तो आंब्याला. दरभंग्याच्या अवाढव्य आमराया त्याला अभ्यासाला मिळाल्या होत्या. आंब्याच्या लागवडीतल्या जातींवर त्याने सविस्तर लिहून ठेवलं, ते हस्तलिखित क्यूमध्ये आहे. चिकाटी कमी असलेल्या माणसाचं हे काम! ज्याने थंडीत फुलणारं सुगंधी झुडूप युरोपला दिलं, त्याच्या आयुष्याचे उरलेले माघ महिने मोहोराच्या वासात गेले. त्याच्या त्या विच हेझलचं फूल त्याने कधी पाहिलं असेल की नाही, कोण जाणे.

आणि ते झुडूप? ते लंडनजवळ किंग्स्टन हिलवर व्हीचच्या कूम्ब वुड रोपवाटिकेत वाढत होतं. पाटी चुकीची होती. जपानी विच हेझलचा एक जरा बरा नमुना, असं समजून ते एका ओळीत उभं होतं. इथली गुंतागुंत बघा. दरम्यान ऑगस्टीन हेन्री हा आयरिश डॉक्टर चिनी कस्टम्स खात्यात यीचांगला नोकरीला होता आणि फावल्या वेळात नमुने वाळवून क्यूला पाठवत होता. त्यात हीच जात होती. त्या वाळक्या फांद्यांवरून क्यूच्या डॅनिएल ऑलिव्हरने १८८८ मध्ये रीतसर वर्णन छापलं आणि नाव दिलं हॅमामेलिस मॉलिस. मॉलिस म्हणजे मऊ, कारण पानांना मखमलीसारखी लव असते. म्हणजे क्यूमध्ये कागदावर नाव होतं पण जिवंत झाड नव्हतं, आणि तिथून फार तर पाच-सहा मैलांवर कूम्ब वुडमध्ये जिवंत झाड होतं पण नाव नव्हतं. दोन डेटाबेस, एकच रेकॉर्ड, आणि जोडणारी की चुकलेली. आमच्याकडे असं झालं की रात्री फोन येतो. इथे दहा वर्षं कुणालाच फोन आला नाही.

१८९८ च्या सुमारास क्यूचा क्युरेटर जॉर्ज निकल्सन कूम्ब वुडला गेला असताना त्याने झाड ओळखलं. मग एकदम धावपळ, कलमं, विक्री. बीपासून आलेलं ते मूळ झाड जवळजवळ वीस हिवाळे तिथे फुलत असणार, रोपवाटिकेची माणसं शेजारून ढकलगाड्या नेत असणार. नाक कुणालाच नव्हतं असं नाही. पण वास हा काही नोंद करायचा गुण नव्हता. पाटीवर जपानी लिहिलंय ना, मग जपानी.

व्हीचची लंडनची कंपनी १९१४ मध्ये बंद झाली. सर हॅरी व्हीच निवृत्त झाले, सगळा माल लिलावात गेला, कूम्ब वुडच्या जमिनीवर घरं उठली. मॅरीजच्या झाडापासून कलमांनी चालत आलेला वाण मात्र 'कूम्ब वुड' ह्याच नावाने आजही विकला जातो. आणि अमेरिकेत बॉस्टनजवळच्या आर्नल्ड आर्बोरिटमने १९२८ मध्ये आपल्याकडच्या एका मॉलिसचं बी पेरलं, तर उगवलेली काही रोपं जपानी विच हेझलशी संकर झालेली निघाली. दोन झाडं शेजारीशेजारी होती, कीटकांनी काम केलं. आज बाजारात मिळणाऱ्या लाल, नारिंगी, तांबूस विच हेझल बहुतेक ह्याच संकराच्या घराण्यातल्या. ज्या दोन जाती कूम्ब वुडच्या लोकांना वेगळ्या ओळखता आल्या नाहीत, त्यांचाच हा संसार. रंग सुधारले, पण वासाला जुन्या पिवळ्या मॉलिसची सर नाही असं बरेच जाणकार म्हणतात, आणि माझंही नाक त्यांच्याच बाजूने आहे.

व्हायबर्नमची गोष्ट ह्याच सुरावर, म्हणून थोडक्यात. चीनच्या गान्सू प्रांतातलं एक व्हायबर्नम रेजिनाल्ड फॅरर ह्या लेखक-शिकाऱ्याच्या १९१४ च्या मोहिमेने गाजलं. त्याचं लॅटिन नाव होतं फ्रॅग्रन्स, सुवासिक. नंतर लक्षात आलं की हे नाव आधीच दुसऱ्या कुणी वापरलेलं आहे, आणि नियमाप्रमाणे नाव दोनदा चालत नाही. म्हणून १९६६ मध्ये ते झालं फॅरेरी. वास नावातूनही गेला, माणूस आला. दुसरीकडे काश्मीरपासून भूतानपर्यंत वाढणारं मोठ्या फुलांचं व्हायबर्नम, तेही १९१४ मध्येच भूतानहून इंग्लंडला पोचलं. ह्या दोघांचा संकर पहिल्यांदा केला एडिनबराच्या शाही बागेतल्या चार्ल्स लॅमाँटने, १९३३ मध्ये. त्याला तो आईबापांहून सरस वाटला नाही, म्हणून त्याने रोपं वाढवली नाहीत. दोनेक वर्षांत वेल्समधल्या बॉडनंटच्या बागेत तोच संकर झाला, तो त्यांना आवडला, आणि आज जगभर ह्या झुडुपाला बॉडनंटचं नाव आहे. लॅमाँटची रोपं नंतर शोधून त्यातल्या एका वाणाला त्याचं नाव दिलं गेलं. तो वाण उत्तम आहे.

आता नेपाळ. मला सगळ्यात भिडलेलं झुडूप हे.

फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनी सरकारचा डॉक्टर १८०२-०३ मध्ये काठमांडूला गेला होता. त्याने गोळा केलेल्या वनस्पतींवरून डेव्हिड डॉनने १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींचं पुस्तक छापलं, त्यात एक डॅफ्नी होती. बाकीच्या जातींना कुणाकुणा साहेबांची नावं मिळत होती, हिला मात्र स्थानिक नावच ठेवलं गेलं, भोलुआ. स्थानिक लोक हिला 'भोलु स्वा' म्हणत, आणि नेवारीत फुलाला 'स्वां' म्हणतात. लॅटिन पाटीवर एक नेपाळी शब्द असा दोनशे वर्षं बसून आहे.

पण नेपाळी माणसाला हे झुडूप फुलासाठी नव्हे तर सालीसाठी माहीत होतं. लोकता कागद तो हाच. आतली साल सोलायची, राखेच्या पाण्यात उकळायची, कुटून लगदा करायचा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीत पसरून उन्हात वाळवायचा. डॅफ्नी विषारी असते, म्हणून ह्या कागदाला कसर लागत नाही. शतकानुशतकं पोथ्या, सनदा आणि सरकारी दस्तऐवज ह्यावर लिहिले गेले. काठमांडूच्या रेसिडेन्सीत असलेल्या ब्रायन हॉजसनने १८३२ मध्ये ह्या कागदाच्या कृतीवर बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. म्हणजे इंग्रजांना झुडूप माहीत, नाव माहीत, उपयोग माहीत, कागदाची कृतीसुद्धा माहीत. हिवाळ्यात त्याचा वास अख्ख्या अंगणात पसरतो, ह्यासाठी मात्र कुणी ते इंग्लंडच्या बागेत रुजवलं नाही. खरी मान्यता मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

१९६२ मध्ये टॉम स्प्रिंग-स्मिथ ह्या ब्रिटिश सैन्यातल्या मेजरने पूर्व नेपाळात साधारण साडेदहा हजार फुटांवरून काही रोपं नेली. एवढ्या उंचीवरची, म्हणून कडाक्याची थंडी सोसणारी. हा वाण 'गुरखा', हिवाळ्यात पानं गाळणारा. त्याचं बी हॅम्पशरमधल्या हिलियर रोपवाटिकेत ॲलन पोस्टिलने पेरलं. १९८२ मध्ये त्यातलं एक रोप वेगळं निघालं. हिवाळाभर पानं टिकवणारं, मोठ्या फुलांचं आणि भरपूर फुलणारं. पोस्टिलने त्याला बायकोचं नाव दिलं, 'जॅकलीन पोस्टिल'. एका वाफ्यातल्या सारख्या दिसणाऱ्या रोपांमधून हे एक उचलायला माणूस रोज त्या वाफ्यापाशी असावा लागतो. मॅरीजच्या झाडापाशी असा कुणी नव्हता.

आणखी एक बदल मधल्या काळात झाला तो 'विंटर गार्डन' ह्या शब्दात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ह्याचा अर्थ होता मोठं काचघर, ज्यात बाहेर बर्फ असताना आत ताड आणि नेची बघत फिरायचं. विसाव्या शतकात त्याचा अर्थ झाला उघड्यावरची, हिवाळ्यातच बघायची बाग. केंब्रिजच्या विद्यापीठाच्या बागेतला तसा भाग १९७८-७९ मध्ये आखला गेला, आणि त्यानंतर असे भाग बऱ्याच ठिकाणी झाले. काचघरात कोंडलेल्या विंटरस्वीटपासून इथवर यायला दोनशे वर्षं लागली.

ज्या मित्रमंडळींची तिकडे किंवा अमेरिकेच्या थंड भागात घरं झाली आहेत त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. ही झुडुपं बागेच्या टोकाला लावू नका. जानेवारीत तिथपर्यंत कुणी जात नाही. दाराजवळ, गाडी लावता तिथे, कचऱ्याचा डबा ठेवायला जाता त्या वाटेवर लावा. विंटरस्वीटला दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीचा आधार द्या, कारण उन्हाळ्यात फांद्या नीट तापल्या तरच पुढे कळ्या धरतात. आणि ते जुन्या लाकडावर फुलतं, म्हणून कात्री आवरा. विच हेझल बहुतेक वेळा अमेरिकन जातीच्या मुळावर कलम केलेली असते. कलमाच्या खालून फुटवे आले तर वेळीच काढा, नाहीतर पाच वर्षांनी तुमच्याकडे भलतंच झाड असेल. सार्कोकोका कशीही वाढते, सावलीतसुद्धा, आळशी माणसाने तीच घ्यावी. डॅफ्नी एकदा लावली की हलवू नका, आणि घरात लहान मूल असेल तर तिच्या फळांपासून जपा. विकत घ्यायची तर ऐन थंडीत रोपवाटिकेत जा, आणि पाटी वाचण्याआधी वास घ्या.

पुण्या-मुंबईत ह्यातलं काही होणार नाही, विचारू नका. कळीला थंडीचे पुरेसे आठवडे मिळाले नाहीत तर ती उमलत नाही, आणि आपली थंडी म्हणजे त्यांचा मे महिना. दार्जिलिंगच्या बाजूला, सिक्कीममध्ये किंवा अरुणाचलात वर गेलात तर भोलुआ तिच्या माहेरीच भेटेल. तिकडचे लोकता काढणारे झुडूप मुळासकट उपटत नाहीत. खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापतात, मुळातून परत फुटवे येतात, आणि पाच-सहा वर्षांनी पुन्हा कापण्याजोगी साल तयार होते. इंग्लंडमध्ये जॅकलीनबाईंबद्दल माळ्यांची जी एक तक्रार असते, ती हीच. आजूबाजूला फुटवे फार काढते म्हणे.